पाटीवरची वीतभर जागा

आण्णांनी माझ्या दवाखान्याची पाटी रंगवली, त्या दिवशी मी कॉलेजच्या नोटीस बोर्डासमोर उभी होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती... स्त्रीरोग विभागात हाऊस पोस्ट, म्हणजे निवासी डॉक्टरची जागा, मिळालेल्यांची यादी लागली होती. तीनदा वाचली. माझं नाव नव्हतं.

हाऊस पोस्ट नाही, म्हणजे पुढचं एम.डी.ही नाही. कोल्हापूरला परतले, तर मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात पाटी वाळत ठेवलेली. आण्णा, माझे वडील, पेंटर. मला पहिली अक्षरं त्यांनीच ब्रश हातात देऊन शिकवली. पाटीवर माझं नाव, एम.बी.बी.एस. आणि पुढे वीतभर जागा मोकळी... एम.डी.साठी.

मी पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली. महिनाभर. लोक काय म्हणतील, हे होतंच... पण अर्धवट शिकून कुणाच्या जिवाला हात लावायची भीती जास्त होती.

"पाटी हाय का रुसलेली नवरी?" म्हणत आण्णांनी एका सकाळी ती मला न विचारताच दवाखान्यासाठी रिकामी केलेल्या पुढच्या खोलीच्या दारावर ठोकली.

दुपारी उचगावच्या एक मावशी सुनेला घेऊन आल्या. सातवा महिना, पाय सुजलेले, डोकं दुखतंय. बी.पी. मोजलं... पुन्हा मोजलं. फारच जास्त होतं. हे माझ्या आवाक्यातलं नाही, आत्ताच मोठ्या दवाखान्यात न्या, असं सांगून मी चिठ्ठी लिहून दिली.

"जमत न्हाय तर पाटी कशाला लावलीया?" मावशी जाता जाता म्हणाल्या.

मी आण्णांना पाटी काढायला सांगितली. त्यांनी ऐकलं नाही. मीही त्या खोलीत फारशी बसेनाशी झाले.

दोन महिन्यांनी मावशी परत आल्या. हातात बर्फीचा पुडा. "नात झाली. बारकी हाय, पर दोघी बी बऱ्या हायत. तितल्या डॉक्टरनं तुमची चिठ्ठी फायलीला लावून ठेवली की!" मग पाटीकडे बघून म्हणाल्या, "धाकट्या सुनेला बी हितंच आणणार. कवा असता वो तुम्ही?"

आण्णा आतून रंगाचा डबा घेऊन आले. ब्रश मोकळ्या जागेवर धरून म्हणाले, "बोल."

"सकाळी नऊ ते एक," मी म्हटलं.

त्या मोकळ्या जागेतल्या अक्षरांचा निळा रंग माझ्या नावाच्या निळ्यापेक्षा थोडा गडद आला. आण्णा आता नाहीत... पाटी तीच आहे. उन्हात दोन रंगांतला फरक अजून दिसतो, आणि नऊच्या आत मी खुर्चीत असते.