ओली काडेपेटी

काल संध्याकाळी देवापुढे दिवा लावायला ओट्यावरची काडेपेटी घेतली, तर ती भिजलेली. काडी काही पेटेना. चिडून लायटर घ्यायला शेगडीपाशी वाकले, तेव्हा बारीक फुसफुस ऐकू आली. सर्दीनं नाक चोंदलेलं, वास आलाच नव्हता! आमच्याकडे कामाला येणाऱ्या शोभाताईंकडून शेगडी पुसताना बटण फिरलं होतं, आणि तेच ओलं फडकं त्यांनी काडेपेटीवर टाकलं होतं.

सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. ज्या वेंधळेपणानं घर पेटायचं, त्यानंच ते वाचवलं. आता रागवायचं तरी कशावर?

आज त्यांना सिलिंडरपाशी नेऊन सगळं सांगितलं. "पुसायच्या आधी हे बंद करायचं. रोज."

"चुकलंच हो वहिनी. ती काडेपेटी टाकून देऊ?"

"नको," मी म्हटलं. "देवापाशी ठेवा."