शेवटची बांधी

निसर्गशिक्षणाचा पाठ मी आयुष्यात एकदाच घेतला, आणि तो संपल्यावर मला विहिरीवर नेऊन धुवावं लागलं.

पंच्याहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. दिघोरीजवळच्या एका खेड्यात मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. सुदैवाने (असं मी तेव्हा म्हणत असे) सासुरवाडीही त्याच गावात. सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची, धानाची मोठी शेती, बांध घालून पाडलेल्या खाचरांची, म्हणजे बांध्यांची. बसून केलेलं कुठलंही काम त्यांच्या लेखी काम नव्हतं. बाजारात कुणी विचारलं, "जावाई काय करतेत जी?" की ते म्हणत, "काही नाही, लेकरं राखतेत."

अशात वरून फर्मान आलं : मुलांना वर्गाबाहेर काढा, निसर्गात शिकवा! मी हरखलो. रोवणी सुरूच होती, चिखलात धानाची रोपं लावण्याचे दिवस. मामाजींच्या शेतावरच पाठ घ्यायचा! एकदा त्यांच्या डोळ्यांदेखत शिकवून दाखवलं की मास्तरकीची किंमत कळेल, असा माझा हिशेब.

"लेकरं फक्त पाहतील," मी म्हणालो.

"पाहाले काय आहे? त्यायच्या घरीबी धानच आहे," मामाजी म्हणाले. "या. पन रोपाले हात नाही लावाचा. उद्या रोवणी सरते, एकच बांधी उरली आहे."

बायको, सुशीला, मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबासमोर माह्यं नाक कापू नोका जी!"

दुसऱ्या दिवशी मी पांढरा सदरा आणि नवी टेरिलीनची पँट घालून वर्ग शेतावर नेला. मामाजी विहिरीकडे गेले होते. मजूर बाया आंब्याखाली जेवायला बसल्या होत्या. उरलेल्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून मी तिथे उपटून ठेवलेल्या जुडीतलं एक रोप उंच धरलं.

"हे मूळ. हे खोड. हे पान. आता मुळाचं काम काय?"

"गुर्जी, रोपं सुकून राहिले," चौथीतली ममता म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस!"

मुलं जांभया देऊ लागली. पाठ हातचा जातोय म्हटल्यावर मी घाईघाईने म्हणालो, "बरं, प्रत्येकाने एक रोप लावून पाहा. एकच!"

हे वाक्य दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात चाललं असतं. आमच्याकडे पोरं अक्षर ओळखायच्या आधी रोवणी शिकतात! अख्खा वर्ग बांधीत उतरला, ओळीत वाकला आणि भराभर मागे सरकू लागला. ममताने रोवणीचं गाणं धरलं. पाढे म्हणताना ज्यांच्या तोंडून आवाज फुटत नसे, ती पोरं ते गाणं ओढू लागली. मी धुऱ्यावरून ओरडत होतो, "थांबा! निरीक्षण करा!" (निरीक्षण एकटा मीच करत होतो.) बघता बघता बांधी लागून गेली.

आंब्याखालून बाया धावत आल्या. त्यांची म्होरकी सेवंताबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाप्पा बाप्पा! मास्तर, आमची शेवटची बांधी कोनं रोवली जी?"

"निसर्गशिक्षण चालू होतं..."

"मंग आमचा बोजारा?"

रोवणी संपली की मालक रोवणाऱ्यांना वडे-खिरीचं जेवण देतो, तो बोजारा. आणि शेवटची बांधी रोवणाऱ्याचा मान पहिला! मुलांनी शब्द ऐकला मात्र, एकच गलका केला.

"बोजारा आमचा! आमी रोवली!"

"साऱ्या बांध्या आमी रोवल्या, अन् वडे तुमाले?"

"मंग तुमी बसल्या काहून?" ममता म्हणाली.

"जेवून राहिलो होतो वं!"

एवढ्यात मामाजी आले. धरणीने पोटात घ्यावं असं मला वाटलं; ती तेवढी मऊ होतीच. ते बांधीत उतरले, एक रोप हलवून पाहिलं. मग दुसरं.

"रोवली त चांगली आहे," ते म्हणाले. "साऱ्यायलेच बोजारा देऊ."

माझा जीव भांड्यात पडला. पण सेवंताबाईने दोन्ही ओंजळी चिखलाने भरल्या. "मंग मालकाले माखा वं!" बोजाऱ्याच्या दिवशी मालकाला चिखलाने माखायचं, हाही रिवाजच!

मामाजी चपळाईने मागे सरले. "मी कायचा मालक? आज बांधी जावायाच्या ताब्यात होती. आजचे मालक ते!"

मी पळालो. पण ओल्या धुऱ्यावरून पळायला लहानपणापासूनचा सराव लागतो. दुसऱ्याच पावलाला मी बांधीत बसलो! वर्षभर ज्यांना मी बाराखडी गिरवायला लावली, त्यांनी मला मनापासून गिरवलं. पायांना चिखल फासत ममता ओरडली, "हे मूळ!" कुणीतरी पोटाला फासला, "हे खोड!" आणि दोघांनी माझे कान धरले, "हे पान!" पाठ पक्का झाला होता, यात शंका नाही.

सुशीला वड्यांची टोपली घेऊन आली. "बाबा, हे कोन होय जी?"

"मास्तर होय तुहा."

विहिरीवर बादल्या ओतताना तिला हसू आवरत नव्हतं. म्हणाली, "नाक त नाही कापलं तुमी. पन तुमचंच सापडून नाही राहिलं!"

पुढच्या बाजारात मी मामाजींच्या मागेच उभा होतो. कुणीतरी विचारलं, "जावाई काय करतेत जी?"

"रोवणी करवतेत," मामाजी छाती फुगवून म्हणाले. "अन् फुरसत भेटली त शाळाबी पाहातेत."

तेव्हापासून त्यांनी माझ्या कामाला मान दिला. कोणत्या कामाला, हे विचारायची माझी काही छाती झाली नाही!