केवळाबाई आणि महादेवीचं कपाळ

केवळाबाईला राग लवकर यायचा, आणि चाकूरकडच्या एका गावात नर्स म्हणून दिवस काढायचे तर राग हवाच होता. लातूर नवा जिल्हा झाला, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. खरजेचं पांढरं औषध मात्र जुन्या जिल्ह्याच्या कुठल्या तरी कपाटात अडकून बसलं. त्यात दुष्काळ. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, अंघोळ आठवड्याला व्हायची आणि घरंच्या घरं बोटांच्या बेचक्या खाजवत बसायची. औषध आलं तरी जो खाजवतोय त्यालाच लावायचे.

"घरात सात मानसं, तर सातीजनांनी एकाच दिशी लावायचं, मानेपासून तळपायापत्तर!" ती ओरडायची. "अन् धुवाया पानी न्हाई तर गोधड्या उन्हात टाका. ऊन काय टँकरनं येत न्हाई!"

तिचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. सुई टोचून घ्यायला लोक तिच्याच दारात यायचे, पण शुभकामाला निघताना तिचं रिकामं कपाळ समोर आलं की काहीतरी विसरल्यासारखं करून घरात परतायचे. तिला सगळं दिसायचं आणि संताप यायचा.

चैत्रात बसम्मा आपल्या लेकीला घेऊन आली. महादेवी एकोणीस वर्षांची, लग्नाला दीड वर्ष झालेलं. उदगीरकडच्या सासरनं तिला कपड्यांच्या एका पिशवीसकट परत धाडलं होतं, कारण तिच्या कपाळावर पांढरा डाग पडला होता.

"कोड हाय म्हनत्यात," बसम्मा म्हणाली. "म्हारोगबी असंल म्हनत्यात. जावयाला दुसरी बघून राहिलेत. तुळशीचं लगीन झालं की बार उडवनार."

केवळाबाईनं महादेवीला डोळे मिटायला लावले. कापसाची बारीक वात करून डागाला टेकवली. पोरीनं बरोबर तिथंच बोट ठेवलं. मधोमध, कडेला, दरवेळी बरोबर. महारोगाच्या डागाला सहसा स्पर्श कळत नाही. इथं तर कळत होता. खवले नव्हते, म्हणजे शिबं नाही. कडा उठलेली नव्हती, म्हणजे गजकर्ण नाही. बाकी अंगावर कुठं काही नव्हतं. डाग गोल, रुपयाएवढा आणि नेमका कुंकवाच्या जागी.

"काय लावतीस कपाळाला?"

महादेवीनं पिशवीतून पाकीट काढलं. बाजारात नवीनच आलेल्या, मागून चिकट असलेल्या टिकल्या. "अत्याबाईंनीच आनल्या, आमा सासू-सुना दोघींसाठी. आदी खाज आली, मग पांढरं पडलं. ते झाकाया मोठी लावली. तर डाग वाढला. मग आनखी मोठी लावली."

"अगं, आगीत तेल वतून राहिलीस! हा त्या चिकटाचा परताप हाय. टिकली आजपासून बंद."

बसम्मा दचकली. "नवरा जिता असताना उघडं कपाळ? बाई, तुमचं येगळं हाय..."

"माझं कपाळ रिकामं झालं, बसम्माबाई, डोकं न्हाई झालं!" केवळाबाईचा आवाज चढला. "तुमा लिंगायतांत भस्म लावत्यात ना? वर पट्टे वढा. भुवयांमधली जागा तेवढी मोकळी ठिवा."

लातूरला चामडीच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. मलम दिलं, भरायला महिने लागतील, थोडा डाग राहीलही, म्हणाले. गावाला मात्र डॉक्टर ऐकू आला नाही. विधवेनं सवाष्णीचं कपाळ पुसलं, एवढंच पारावर फिरलं. पोरीला घराबाहेर काढणाऱ्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. लाज कशी वाटत नाही लोकांना! दोष चिकट टिकलीचा, आणि शिक्षा जिच्या कपाळावर ती चिकटली तिला.

महादेवी नेमानं मलम लावत राहिली. भादव्यात डागाच्या कडेनं काळे ठिपके उगवले. दसऱ्यापर्यंत डाग निम्म्यावर आला.

दिवाळीच्या आधी सासू गौरम्मा एक कागद घेऊन आली. मुलगी राजीखुशीनं सोडचिठ्ठी देते, असं त्यावर लिहिलं होतं. महादेवीचा अंगठा तेवढा हवा होता. बसम्मानं केवळाबाईला बोलावलं.

"बघा की, भरत आलंय," केवळाबाई म्हणाली. "हे कोड न्हाईच."

"कोड ते कोडच," गौरम्मा पदरानं घाम पुसत म्हणाली. "आमच्या घरान्यात असलं कधी नव्हतं."

ऑक्टोबरचं ऊन, बसचा प्रवास. गौरम्माच्या कपाळावर भलीमोठी टिकली होती, आणि घामानं तिची एक कड सुटली होती. महादेवी जवळ गेली आणि तिनं ती टिकली अलगद काढून घेतली. खाली पांढराफटक डाग होता, महादेवीच्या डागाच्या दुप्पट.

"कधीपासून हाय?" केवळाबाईनं विचारलं.

गौरम्मानं मान खाली घातली. "हिच्या आदीपासून."

केवळाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं तोंड उघडलं, पण महादेवी आधी बोलली.

"अत्याबाई, मग तुमाला कसं कुनी माहेरी धाडलं न्हाई?"

गौरम्मानं कागदाची घडी घातली आणि कमरेला खोचली. केवळाबाईचा राग काही गेला नव्हता, तरी तिनं पेटीतून कापूस काढला.

"बसा खाली," ती म्हणाली. "डोळे मिटा."