भासऱ्यांनी वाचलेला अध्याय

माझा आवाज गेला तेव्हा मी देवाशी भांडले, तेही मनातल्या मनात, कारण तोंडाने भांडायची सोय उरली नव्हती. मी मासळी विकते. सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन मासळीचा भाव करायचा, आणि मग जवाहरनगरच्या बाजारात बसून तीच मासळी चार लोकांपेक्षा चांगल्या भावाने विकायची, हा माझा धंदा. करडी गावच्या आठवडी बाजारात एका टोपलीवर सुरुवात केली होती, आज माझी स्वतःची हातगाडी आहे. कोणी मदत केली नाही. जे मिळवलं ते या गळ्यावर मिळवलं. आणि भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी त्याच गळ्यात गाठ दाखवली. म्हणाले, "एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. गाठ बसली तर ठीक, नाहीतर ऑपरेशन. मग आवाज पहिल्यासारखा राहील असं मी सांगू शकत नाही." मला राग आवरत नाही, हे आमच्या गावात लहान पोरालाही माहीत आहे. देवाने नेमकं मलाच गप्प बसायला सांगावं, हे मला पटेना.

बाजार कसातरी चालला. बोटांनी भाव दाखवायचा, मान हलवायची. एक नेहमीचे गिऱ्हाईक, फॅक्टरीच्या क्वार्टरमधले साहेब, हसून म्हणाले, "मावशी, आज तुम्ही गप्प, म्हणजे झिंगे फुकट!" मी झिंग्यांचा तराजूच उचलून दाखवला, तेव्हा मुकाट्याने पैसे दिले. पण खरी अडचण घरी होती. मुलीच्या आजारपणात दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी मला बायबल दिलं, तेव्हापासून रोज पहाटे मी एक अध्याय मोठ्याने वाचते. आमचे हे फॅक्टरीत कंत्राटावर आहेत. बसची वेळ होईपर्यंत डबा भरता भरता ऐकतात. सासूबाईंना डोळ्यांनी दिसत नाही. त्यांनी कधी प्रार्थनेला यायचं कबूल केलं नाही, पण अध्याय झाल्याशिवाय चहाही घेतला नाही. मुलगी नागपूरला शिकते. म्हणजे वाचणारी मी एकटी, आणि माझाच गळा बसलेला.

पहिल्या दिवशी यांनी वाचून पाहिलं. एकेक अक्षर जोडत चालले तशा सासूबाई खाटेवरून ओरडल्या, "काय वाचून राहिला रे तू? तांदळातले खडे निवडून राहिला का?" हे चिडले, पुस्तक ठेवलं आणि बसला निघून गेले. दुसऱ्या दिवशी वाचन झालंच नाही. घर इतकं मुकं मी कधी पाहिलं नव्हतं.

आता माझ्या भासऱ्यांबद्दल सांगायला हवं. भासरे म्हणजे यांचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांशी बोलायचं नसतं, समोर यायचं नसतं, पदर पुढे ओढून बाजूला व्हायचं असतं. मी बायबल वाचू लागले त्या उन्हाळ्यात त्यांनी अंगणात भिंत घातली. "तुमचं वाचन तुमच्या घरी, आमची पूजा आमच्या घरी," एवढंच यांना म्हणाले. तेव्हापासून माझी गाडी मागच्या बोळातून फिरवून न्यावी लागते. साऱ्या जगाशी मी भाव केला, पण त्या भिंतीचा भाव मला कधी करता आला नाही, कारण बोलायचीच मनाई. मग मी कोंबड्यांशी बोलायची. भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "कोणाच्या मनात केवढी जागा असते, ते तुमीच पाहा वो बायांनो!" पलीकडून फक्त खाकरल्याचा आवाज यायचा.

तिसऱ्या पहाटे तोच खाकरा ऐकू आला, आणि मागोमाग शब्द. "आई, दोन दिस झाले, वाचन काहून बंद हाये?"

सासूबाई म्हणाल्या, "तिचा गळा बसला ना. डाक्टरनं बोलू नोको म्हटलं."

"मंग मी येऊ का वाचाले?"

मी हातांनी नाही नाही म्हणत होते. पण सासूबाईंना ते कुठून दिसणार? त्यांनी तर आनंदाने हाक मारली, "ये ना बाप्पा, चहा थांबला हाये माहा!"

भासरे बोळातून फिरून आले. आंघोळ झालेली, पाय धुतलेले, डोक्याला टोपी. माझ्याकडे पाठ करून पाटावर बसले. मी पुस्तक सासूबाईंच्या हातात दिलं, त्यांनी ते पुढे केलं. भासऱ्यांनी आधी पुस्तकावर झेंडूचं फूल ठेवलं, नमस्कार केला, आणि विचारलं, "इसहाकाच्या इहिरीचं चालू होतं ना? दुसऱ्या इहिरीपाशी आवाज फुटला होता तिचा."

मी भिंतीला टेकून उभी होते, ती तशीच खाली बसले. गळा बसायच्या आधीच्या शेवटच्या वाचनात माझा आवाज नेमका त्याच ओळीवर फुटून बंद पडला होता. घरात बसलेल्या यांनाही ते आठवलं नसतं.

"तुले रे काय माहीत?" सासूबाईंनी विचारलं.

"भिंतीपाशीच तर बसतो मी तंबाखू मळत. रोजच आयकतो."

मग त्यांनी वाचायला सुरुवात केली, ती श्रावणात पोथी वाचतात त्या चालीवर. ओवीचा आकडा म्हणावा तसा वचनाचा आकडाही सूर लावून म्हणत होते. फूल, चाल, आकडे, सगळं चुकीचं. तोंड उघडता आलं असतं तर मी पहिल्याच ओळीला थांबवलं असतं. इसहाक विहीर खणतो, लोक भांडायला येतात, तो ती सोडून दुसरी खणतो, तिच्यावरही भांडण होतं, तो पुढे जातो. भासरे वाचता वाचता थांबले. "आई, हा मानूस भांडत काहून नाही? इहीर तर त्याची होती."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. इसहाकाला भिंत घालणारा थोरला भाऊ नव्हता, असं काहीतरी. इतकी वर्षं वाट पाहून सापडलेली वेळ, समोर पाठ करून बसलेला माणूस. श्वास भरला, गळा ताणला गेला आणि कळ उठली. मी पदराचा बोळा तोंडात धरला. डोळ्यांतून पाणी आलं ते कळेचं की रागाचं, मला सांगता येणार नाही. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पुढं वाच ना. भांडला असता त पुढच्या इहिरीपर्यंत पोचला असता का थो?"

त्यांनी पुढे वाचलं. कोणीच भांडायला आलं नाही अशी विहीर शेवटी लागली, आणि इसहाक म्हणाला की आता देवाने आम्हाला मोकळी जागा दिली. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग "अध्याय संपला" म्हणून पुस्तक आईच्या हातात देऊन गेले.

त्यानंतर ते रोज आले. मी गप्पच राहिले, घरी आणि बाजारातही. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, गाठ विरत चालली आहे, आणि त्याच्या पुढच्या वेळी म्हणाले, आता हळूहळू बोला, ऑपरेशन नको. औषधाने झालं की कशाने, याचा मी वाद घालत नाही. माझ्यासारखी बाई इतके दिवस गप्प राहिली, हे माझ्या ताकदीने झालं नाही, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. भिंत आहे तिथेच आहे. गाडी बोळातूनच जाते, आणि वळणावर चाक अडकलं की मला अजून राग येतो. तो मी रोज सकाळी प्रभूच्या हातात देते. कधी दुपारी परतही घेते.

बोलायची परवानगी मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पुस्तक आपल्याकडे घ्यायचं मी ठरवलं होतं. आता माझा आवाज होता, माझं पुस्तक होतं. पण भासरे पाय धुऊन आले, फूल ठेवलं, आणि माझे हात पुढे झालेच नाहीत. मी बसून ऐकलं. आयुष्यभर मी मागून, ओरडून, अडवून घेतलं होतं. न मागता दाराशी आलेलं घ्यायला मला कोणी शिकवलं नव्हतं. त्या चालीत ते वचन इतकं गोड वाटलं, की अध्याय संपला तेव्हा माझ्या तोंडून आपोआप "आमेन" निघालं. घोगरं, पण स्पष्ट.

भासऱ्यांसमोर काढलेला माझा तो पहिला शब्द. त्यांची पाठ क्षणभर ताठ झाली. मागे न वळता ते सासूबाईंना म्हणाले, "आई, आवाज आला तिचा. उद्यापासून तिनं एक वाचावा, मी एक वाचतो."