अंगातला देव, खणातला देव

माझ्या बाबांच्या अंगात देव यायचा. शहरातल्या बायकांना हे सांगितलं की त्या आवाज खाली आणतात आणि मला चहा विचारतात. आमच्या गावात, आचऱ्याच्या अलीकडे, ती मानाची गोष्ट होती. गावदेवाचा संचार म्हणजे अवसार, आणि तो ज्याच्या अंगात येतो तो अवसारी. वर्षातून दोन-तीनदा देवळाच्या मंडपात गाव जमायचं, मानकरी गाऱ्हाणं घालायचे, ढोल वाजायचा, आणि एरवी आईलासुद्धा घाबरणारे आमचे बाबा थरथरायला लागायचे. मग ते बाबा राहत नसत. बांध कुणाचा, विहीर कुठे खणायची, मुंबईच्या मुलाचं पत्र का येत नाही, सगळ्याचा निकाल देव द्यायचा आणि गाव म्हणायचं, "होय म्हाराजा!" अवसार उतरला की बाबांच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतत. ते डोळे चोळत विचारायचे, "काय झाला?" त्यांना काही आठवत नसे. अवसारात बोललेलं अवसाऱ्याला विचारायचं नाही, असा गावाचा नियमच होता. मला त्या नियमाचा फार अभिमान होता. देव माझ्या बापाच्या तोंडानं बोलतो आणि बाप त्याची कधी फुशारकी मारत नाही, असं मी शाळेत सांगत फिरायची.

खाडीच्या कडेला चार-पाच किरिस्तावांची घरं होती. त्यांतल्या एका विधवा बाईंकडे शिवणाचं मशीन होतं. आम्ही मुली तिला मावशी म्हणायचो आणि शाळा सुटली की काज-बटण शिकायला जायचो. आईची ताकीद एकच होती, तिच्याकडचं पाणी प्यायचं नाही. मी मावशीकडचं पाणीही प्यायले आणि नाताळातल्या करंज्यांसारख्या नेवऱ्याही खाल्ल्या, पण ते आईला शेवटपर्यंत कळलं नाही.

डिसेंबरात मावशी ओसरीवर येशूच्या जन्माचा गोठा मांडायची. करवंट्यांत नाचणी पेरून हिरवा चारा वाढवायची, मातीच्या गायी, मेंढरं ठेवायची. मधली गव्हाण मात्र रिकामी. बाळ मशीनच्या खणात, कापसात गुंडाळून, रिळांच्या शेजारी निजलेलं असायचं. नाताळचा दिवस उजाडेपर्यंत त्याला बाहेर काढायचं नाही. सातवीत असताना एकदा रीळ शोधताना मी ते हातात घेतलं. वीतभराचं बाळ, एक पाऊल मोडलेलं, झाडाच्या डिंकानं चिकटवलेलं.

"ह्यो तुमचो देव? मोडलेलो?" मी म्हटलं.

"पाय मोडलो म्हणून देव बदलूचो?" मावशी मशीन न थांबवता म्हणाली.

मी तिला आमच्या देवाचा थाट ऐकवला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमचो देव येता, बोलता आणि जाता. आमचो इलो तो रवलो. तेका भूक लागली, काटो रुतलो, तो रडलो. शेवटाक मेलो."

"देव मेलो?"

"तर! अंग घेतला म्हणजे सगळाच घेवचा लागता गो. फक्त बोलूक तोंड घेतला आणि दुखूक लागल्यार गेलो, असा कसा चालतला?"

मला ते अगदीच खुळचट वाटलं. आमचा देव शहाणा. काम झालं की निघून जातो, जेवायलाही थांबत नाही. घरी येताना मी वाटभर हसत होते.

त्या वर्षी मला सातवीची फायनल द्यायची होती. पुढं शिकायचं तर मालवणला, मामाकडे राहून. मला मास्तरीण व्हायचं होतं. आमच्या शाळेत मास्तरीण नव्हती, म्हणजे पहिली मीच असणार, हे मी ठरवून टाकलं होतं. बाबांनी खळ्यात सुपारी सोलता सोलता मला शब्द दिला होता. "चिमणे, तू पास हो, तुका मी मालवणाक हायस्कुलात घालतलंय." चिमणे हे नाव त्यांचं एकट्याचं. आई मला त्या नावानं कधी हाक मारत नसे, आजूबाजूलाही ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी पास झाले, केंद्रात दुसरी आले. मावशीनं हायस्कुलाच्या स्कर्टसाठी निळं कापड बेतून दिलं आणि त्याची तुरपई मी स्वतः घातली.

घरात एकच माणूस विरोधात होतं, बाबांचे थोरले काका. घराचा कारभार त्यांच्या हाती होता. बाबा त्यांच्यासमोर खाली बसतसुद्धा नसत. काका घरात एक अक्षर बोलले नाहीत. मे महिन्यात मुंबईकर गावी आलेले, मंडप भरलेला, बाबांच्या अंगात अवसार आलेला, तेव्हा म्हातारा उठला आणि त्यानं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरातला चेडू शिकाक मालवणाक जावक बघता. तेका धाडूचा, काय घरात ठेवचा, तां तूच सांग, म्हाराजा!"

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मीच. मी बायकांत, खांबाला टेकून बसले होते. मला मुळीच भीती वाटली नाही. देव बाबांच्याच अंगात होता ना! बाबांच्या मनात काय आहे हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

बाबा थरथरत होते. मग देवाचा तो घोगरा आवाज आला. "चेडू घरात रवांदे. खाडयेपलीकडे धाडू नको."

"होय म्हाराजा!" सगळा मंडप म्हणाला. माझी आईही म्हणाली.

आणि मग बाबांनी मान माझ्याकडे वळवली. "रडू नको गो, चिमणे."

देव सगळ्यांना लेकरा म्हणतो. ऐंशीच्या म्हाताऱ्यालासुद्धा लेकराच म्हणतो. आणि मी अजून रडलेही नव्हते. मंडपात कुणाच्या काही लक्षात आलं नाही. माझ्या आलं. काकांना नाही म्हणायची छाती नव्हती, मला नाही म्हणायचं तोंड नव्हतं, म्हणून माझा बाप देवाच्या आड लपला होता. पाणी ओतल्यावर त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं, "काय झाला?" कुणीतरी सांगितलं. ते म्हणाले, "देवाची इच्छा." मला त्यांचा इतका राग आला की मी महिनाभर त्यांचं ताट वाढलं नाही. त्यांनीही ते कधी मागितलं नाही. आईनं पुढं त्या निळ्या स्कर्टच्या उशा शिवल्या.

डिसेंबरात मावशीच्या ओसरीवर मी हे सगळं ओकले. ती गोठ्याला चारा लावत होती. मी तिला एकच विचारलं. त्या दिवशी कोण बोललं, देव की बाबा?

"दोगय आसतीत," ती म्हणाली.

"असा कसा?"

"आमचे पाद्री सांगतत, जेजू अर्धो देव नि अर्धो माणूस न्हय. पुरो देव, पुरो माणूस. कसा तां माका ठावक नाय, त्येंकाय ठावक नसतला. पुसलंय तर म्हणतत, ह्यां गूढ आसा, भक्तीन घे."

"मगे दोष कोणाचो?" मी हट्टानं म्हटलं. देवाला दोष द्यायची माझी तयारी होती. बाबांना देण्यापेक्षा ते सोपं होतं.

मावशीनं चाऱ्याची करवंटी गायींपुढे सरकवली. "तां माका सांगूक येवचा नाय. पण आमच्या देवाक खिळे मारले, तेव्हा ह्यां अंग माझा न्हय म्हणून तो पळाक नाय. इतक्याच माका ठावक." मग नाताळ उजाडायचा होता तरी तिनं खण उघडून ते मोडक्या पावलाचं बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "धर मगे, माका हय कापूस पसरूचो आसा." मी ते धरून बसले. त्या दिवशी मी हसले नाही.

मी किरिस्ताव झाले नाही, आणि गावदेवावरही माझा राग नाही. त्याला अजून नारळ देते. पण माझ्या डोक्यात ते वाक्य रुतून बसलं. अंग घेतलं की सगळंच घ्यावं लागतं.

लग्न होऊन मी मालवणलाच आले. नशिबाची चेष्टा अशी की हायस्कूलची घंटा मला स्वयंपाकघरात ऐकू यायची. मी शिवण करायची, मास्तरणींचे ब्लाऊजसुद्धा शिवायची. तोवर काका गेले होते. साठच्या दशकात कधीतरी गावचा अवसार दुसऱ्याच्या अंगात यायला लागला आणि बाबा नुसते म्हातारे झाले. डोळे दाखवायला ते माझ्याकडे आले. त्यांचा सदरा खांद्यावर विरला होता, म्हणून मी नवा बेतायला घेतला.

त्यांना ओसरीवर उभं केलं आणि हात आडवे करायला सांगितले. छातीला टेप लावली. ती छाती किती बारीक झाली होती! आता विचारायला नियम आडवा येत नव्हता, काका नव्हते, मंडप नव्हता. घरात आम्ही दोघंच होतो. मला शाळा परत नको होती. मला फक्त "मीच बोललंय" एवढं ऐकायचं होतं. ते म्हणाले असते तर मी तिथल्या तिथे सगळं विसरले असते, हे मी शपथेवर सांगते.

"बाबानू," मी विचारलं, "त्या दिवशी देवळात माका रडू नको म्हणून कोणी सांगल्यान?"

ते थोडे थरथरले. वयानं असेल. जमिनीकडे बघत म्हणाले, "माका काय ठावक, चिमणे? मी खंय होतंय थंय?"

मी छातीचं माप लिहून घेतलं आणि त्यांना म्हटलं, आता हात खाली घ्या.