नोलीनचे आकाश आणि मर्डोची साक्ष

नोलीन गिलीज हिने चव्वेचाळीस वर्षे शाळेची बस चालवली आणि सदुसष्ट वर्षे दक्षिणेच्या आकाशाची छायाचित्रे काढली. पहिल्या कामाचे तिला निवृत्तिवेतन मिळते. दुसऱ्याने तिला काय दिले, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

दक्षिण गोलार्धाच्या टोकाशी असलेल्या रिव्हर्टन या आमच्या गावी घरांच्या दक्षिणेस समुद्र आहे, आणि समुद्रापलीकडे थेट हिमप्रदेशापर्यंत जवळजवळ काहीच नाही. त्या रिक्त दिशेला वर्षातून काही वेळा ध्रुवप्रकाश उमटतो. तो दिसला की ज्याने प्रथम पाहिला त्याने शेजाऱ्याच्या दूरध्वनीची घंटा तीनदा वाजू द्यायची आणि ठेवून द्यायची, असा आमच्याकडचा जुना प्रघात आहे. तो दूरध्वनी कुणी उचलत नाही. जो तो टोपी उचलतो आणि बाहेर पडतो.

नोलीन बारा वर्षांची असताना मावशीने दिलेला खोक्यासारखा कॅमेरा कुंपणाच्या खांबावर ठेवून तिने पहिले चित्र घेतले. ते संपूर्ण काळे आले. तिने ते जपून ठेवले. पुढे रंगीत फिल्म आली आणि तिला एक विलक्षण गोष्ट कळली. मानवी नेत्राला ध्रुवप्रकाश बहुधा फिकट, राखाडी, धुरासारखा दिसतो. पण कॅमेऱ्याचा डोळा अर्धा मिनिट निश्चल उघडा राहिला, की त्याच धुरातून रक्तवर्ण आणि पाचूसारखा हिरवा रंग प्रकट होतो. म्हणजे ज्या वर्णवैभवासाठी ती आयुष्यभर थंडीत उभी राहिली, ते तिने स्वतः प्रत्यक्ष पाहिलेच नव्हते. कॅमेऱ्याचा शब्द तिने प्रमाण मानला होता.

इतरांनी तो तसा मानला नाही. शहरात धुण्यासाठी पाठवलेला पहिला रंगीत रोल एका चिठ्ठीसह परत आला: कॅमेऱ्याचे झाकण नीट लागले नसल्याने आत उजेड शिरून फिल्म लाल पडली आहे. दुसऱ्या रोलसोबतही तेच. तेव्हापासून नोलीन प्रत्येक रोलसोबत स्वहस्ताक्षरात एक ओळ पाठवू लागली: ‘दोष नाही. आकाशच तसे होते.’ एकदा तिथल्या कुणा रसिकाने खाली उत्तर लिहून पाठवले, की बाईसाहेब, मग पुढच्या वेळी आकाशाचे झाकण नीट लावा. ती चिठ्ठी तिने चौकटीत बसवून स्वयंपाकघरात टांगली आहे.

तिचा नवरा मर्डो मेंढपाळ. लग्नानंतरची छप्पन्न वर्षे प्रत्येक प्रकाशाच्या वेळी तो तिच्यासोबत किनाऱ्यावर गेला, पण रंगांवर त्याने एकदाही विश्वास ठेवला नाही. त्याचे काम सेकंद मोजण्याचे. नोलीन कॅमेऱ्याची झडप उघडायची, आणि मर्डो फाटकातून जाणाऱ्या मेंढ्या मोजाव्यात त्या चालीवर एकापासून तिसापर्यंत मोठ्याने मोजायचा. तीस म्हटले की ती झडप मिटायची. घड्याळ त्यांनी कधी वापरले नाही. मेंढ्या मोजण्यात मर्डो कधी चुकला नव्हता, त्यामुळे सेकंद मोजण्यातही चुकणार नाही, असा दोघांचा विश्वास होता. धुऊन आलेली चित्रे पाहून मात्र तो दरवेळी तेच म्हणायचा, “तुझा तो शहरातला रंगारी यंदा फॉर्मात आहे गं. मी तिथंच उभा होतो, मला तर नुसता धूर दिसला.”

नोलीन हसायची. पण सात-आठ वर्षांपूर्वी मर्डोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढू लागला, तेव्हा तिचे हसणे कमी झाले. कधीकाळी, फार थोड्या वेळा, हे तेज इतके प्रखर होते की रंग नुसत्या डोळ्यांनाही दिसतात, असे ती ऐकून होती. तो प्रसंग आला आणि मर्डोचे डोळे गेलेले असले तर? एवढी एकच चिंता तिने शेजारीण म्हणून माझ्या पत्नीपाशी बोलून दाखवली होती. शस्त्रक्रियेची वाट पाहण्यात दोन वर्षे गेली. दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटली ती मे महिन्याच्या आरंभी, मर्डोच्या ब्याऐंशीव्या वर्षी.

त्यानंतरच्या शनिवारी, संध्याकाळी सहाच्या सुमारास, हिवाळ्याचा काळोख पडल्यावर, नोलीन सुपासोबत खायला चीज भरून गुंडाळलेल्या पावाच्या वळकट्या भाजत होती आणि मर्डो कुत्र्यांना खायला घालायला बाहेर गेला होता. घरात घंटा तीनदा वाजून थांबली. त्याच क्षणी मर्डो धापा टाकत आत आला. तीस वर्षे गावच्या अग्निशमन दलात काढलेला माणूस. त्याने थेट खुंटीवरचा जुना कोट ओढला आणि कुणाची तरी गवताची कोठी पेटलीय, दलाला कळव, असे बजावले.

“कुठल्या बाजूला?” नोलीनने विचारले.

“दक्षिणेला. आभाळ लाल झालंय सगळं.”

“मर्डो, दक्षिणेला समुद्र आहे. समुद्रात कुणी गवत ठेवलंय का?”

मर्डो कोटाची एक बाही घालून तसाच उभा राहिला. मग नोलीनने भट्टी बंद केली, जुना कॅमेरा घेतला आणि त्याला हाताला धरून बाहेर नेले.

त्या सायंकाळचे वर्णन करण्यास माझी वाणी असमर्थ आहे. क्षितिजापासून थेट डोक्यावरच्या आभाळापर्यंत लाल, गुलाबी आणि हिरव्या किरणांचे स्तंभ उभे होते, आणि ओहोटीच्या ओल्या वाळूत त्यांचे प्रतिबिंब पडले होते. सारा गाव किनाऱ्यावर जमला होता. तरीही ज्येष्ठांना जागा द्यावी तशी नोलीनची नेहमीची जागा मोकळी ठेवली होती. तिने तिपाई रोवली आणि झडप उघडली. मर्डो मोजू लागला. एक, दोन, तीन. अकरापर्यंत आला आणि थांबला. शेजारी उभे असलेले आम्ही ‘बारा’ ऐकण्यासाठी थांबलो होतो. ‘बारा’ आलेच नाही.

मग तो हळू आवाजात म्हणाला, “नोलीन, तुझा रंगारी इथवर आलाय की.”

 नोलीनने त्याच्या कोटाची मोकळी बाही उचलली आणि त्याचा हात त्यात घातला. दोघे मान वर करून उभे राहिले. झडप उघडीच राहिली; दहा मिनिटे की वीस, हे कुणालाही सांगता येणार नाही.

त्या रोलवर तेवढे एकच चित्र निघाले. तीन आठवड्यांनी ते आले तेव्हा त्यात ना किरण होते ना किनारा. कडेपासून कडेपर्यंत नुसता उधळलेला लाल रंग होता. सोबत नव्या पिढीच्या कुणीतरी छापील चिठ्ठी जोडली होती: कॅमेऱ्याचे झाकण नीट लागले नसावे.

नोलीन इतकी हसली की तिला खुर्चीत बसावे लागले. सवयीप्रमाणे तिने लेखणी घेतली, पण मर्डोने ती तिच्या हातातून काढून घेतली. ज्याच्या हस्ताक्षरात आजवर मेंढ्यांच्या संख्येपलीकडे फारसे काही उमटले नव्हते, त्याने सावकाश, एकेक अक्षर दाबून लिहिले:

‘दोष नाही. आकाशच तसे होते. मी तिथे होतो. मोजणारा मीच, अकरानंतर चुकलो.’