भाव कर, मग ने

भाजीवालीनं प्रेमानं वर टाकलेली कोथिंबीर परत करणारी बाई मी जन्मात एकच पाहिली. ती माझी सख्खी आत्या. "इकत देत असशील त दे, नाई त ठेव तुह्यापाशी," असं भर बाजारात सुनावायची आणि आदिलाबादच्या उन्हात मला पिशवी धरून ताटकळत ठेवून त्या चार काड्यांचा भाव ठरवायची. लोक हसायचे. तिला फरक पडायचा नाही. मला पडायचा.

आत्या मराठी शाळेत शिक्षिका होती. काका गेल्यावर काही वर्षं एकटीनं काढली आणि शेवटी हैदराबादला मुलाकडे, मिलिंददादाकडे, जायला कबूल झाली. घर विकलं गेलं. नवा मालक महिनाअखेरीला राहायला येणार, दादाचा फ्लॅट लहान, सामान न्यायची सोय नाही. मग घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं, म्हणजे दादानं फोनवरून ठरवलं आणि राबायला मी: काकांच्या स्कूटरच्या शेडमध्ये सगळं मांडायचं आणि रविवारी विकून मोकळं व्हायचं.

मी चळवळीतली मुलगी. पत्रकं काढणं हेच माझं शिक्षण. तेव्हा सेलचं पत्रकही मीच काढलं आणि खाली ठळक अक्षरांत टाकलं: 'गरजूंना वस्तू मोफत!' आत्यानं ते वाचलं आणि चष्मा काढला. तिनं चष्मा काढला की वर्ग गप्प बसायचा म्हणे.

"मोफत कोन बोल्लं?"

"मी. गरिबांकडून कसले पैसे घेतेस, आत्या?"

"गरीब हाय म्हनूनच घ्याचे. तुले काय मालूम? आमच्या मायनं दुसऱ्याच्या वावरात निंदन केलं. मालकाच्या घरून जुने कपडे भेटत. मी थो परकर घालून शाळेत गेली की मालकाची पोट्टी म्हने, हा माहा परकर हाय. अंगावर माह्या, पन परकर तिचा! इकत घेतला असता त कोनाची हिंमत होती?"

मी म्हटलं, "म्हणून तर ही व्यवस्था मुळापासून बदलायची आहे!"

"बदल. तवरक थे कपाट पुस."

अशा बाईशी माणसानं वाद कसा घालायचा, मला कुणी सांगावं.

रविवारी सकाळपासून गर्दी. आणि आत्याची विक्री अशी की पाहणाऱ्याचं डोकं फिरावं. प्रत्येक वस्तूचा दोष आधी सांगायचा. मिक्सर लावून दाखवायचा आणि वर म्हणायचं, "भांडं गळते बरं." जवळच्या भैंसा गावचा एक कापूस-व्यापारी आला. कूलरचा भाव विचारला आणि सरळ खिशात हात घातला. आत्या म्हणाली, "ऐसा नहीं. पहले भाव करो. इसका घास सड गया है." तो बिचकला. "मॅडम, बेचना है कि नहीं?" गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार आणि विकणारीच त्याला घासाघीस शिकवते आहे! मी कपाळावर हात मारला. शेवटी त्यानं मुकाट्यानं भाव पाडला आणि कूलर नेला. जाताना म्हणाला, "ऐसी दुकान नहीं देखी." मीही नाही.

चीड कशाची, तर तिचं चाललं! 'मॅडम खोटं सांगत नाईत' असं गल्लीत पसरलं आणि दुपारपर्यंत अर्धी शेड रिकामी.

मग गुडीहत्नूरहून एक बाई आली. भाजीपाला पिकवणारी, हातात माझं पत्रक. मुलगी दहावीत, घरी टेबल नाही, पोरगी खतांच्या पोत्यावर वही ठेवून लिहिते. काकांच्या टेबलावर हात ठेवून तिनं विचारलं, "हे मोफत हाय ना?"

"मोफत नाई. भाव कर, मंग ने."

बाईचा चेहरा उतरला. ती मागे वळली. मग मात्र माझा तोल सुटला. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मी ओरडले, "तुझ्या स्वाभिमानापायी एका मुलीनं पोत्यावर दहावी करायची? हा कुठला न्याय?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. "बाई, थांबा. वावरात काय हाय तुमच्या?"

"वांगे."

"मंग वांग्यात बोला."

बाई थबकली. "एक टोपलं."

"तीन."

"तीन? अवं, टेबलाचा पाय हालून राह्यला!"

"हालते."

"आन ड्रावरले कडी नाई. तीन म्हने! माहे वांगे का रस्त्यावर पडले? दीड टोपलं. आन टेबल ऑटोत तुमी चढवून द्याचं."

मी आत्याच्या कानात म्हटलं, "असल्याच वावरवाल्यांनी आजीला जुनेरं दिली ना?"

"चूप. गिऱ्हाईक हाय थे."

दीड टोपल्यावर सौदा झाला, वांगी दुसऱ्या दिवशी पोचवायची. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं सत्तरीकडे झुकलेली आत्या, असं ते टेबल आम्ही ऑटोत चढवलं. बाई उलट आमच्यावरच खेकसली, "हळू ना वं, घासन लागन माह्या टेबलाले!" आभार मानले नाहीत. आत्या कंबर धरून हसत होती.

संध्याकाळी शेड झाडून आम्ही पायरीवर बसलो तेव्हा दादाचा फोन आला. स्पीकरवर होता. "आई, खाटही गेली ना? बरं झालं. इथं आमचा जुना पलंग पडूनच आहे, तो तुला देऊ."

आत्यानं चष्मा काढला. मग म्हणाली, "किती घेशीन?"

"काय गं आई!"

"किती घेशीन, थे सांग."

दादा हसला, मग चिडला. या वेळी मी त्याच्या बाजूनं होते. "आत्या, पोटचा पोरगा आहे तो!"

"म्हनूनच. आता त्याच्या घरात राहाचं हाय मले."

शेवटी दादानं वैतागून एक आकडा सांगितला. तिनं तो निम्म्यावर आणला, तेव्हाच फोन ठेवला.

मागच्या महिन्यात मी हैदराबादला गेले होते. आत्या तिच्या पलंगावर पाय पसरून पेपर वाचत होती. वहिनी चहाचे कप घेऊन आत आली आणि पलंगाशी उभी राहून म्हणाली, "आई, बसू का इथं?"

आत्यानं पाय आखडून तिला जागा करून दिली.